तीन मार्कांनी राहिला ग्रुप, आता सप्टेंबर की जानेवारी?

प्रश्न : ताई, मी कणकवलीची. बी.कॉम. झालं आणि मे महिन्यात सीए इंटरचे (सीएची मधली परीक्षा) दोन्ही ग्रुप एकदम दिले, सेंटर कोल्हापूर घेतलेलं, मावशीकडे राहून. परवा निकाल लागला. अकाउंट्स ६२, लॉ ४४, टॅक्स ४१ म्हणजे पहिल्या ग्रुपचे १४७, आणि कॉस्टिंग ५१, ऑडिट ४८, एफएम-एसएम (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) ५२ म्हणजे दुसऱ्याचे १५१. दुसरा सुटला, पहिला तीन मार्कांनी राहिला. एकाही पेपरात चाळीसच्या खाली नाही तरी नापास, हे आजीला समजावता समजावता मलाच रडू आलं. बाबा म्हणतात बस झालं, मुंबईला काकांच्या ओळखीने नोकरी बघू. सप्टेंबरला बसायचं तर मध्येच गणपती, आमच्याकडे अकरा दिवस असतात आणि सगळे चाकरमानी घरात, त्यामुळे वाटतं जानेवारीला निवांत द्यावी. आणि वेरिफिकेशन, म्हणजे मार्कांच्या पडताळणीचा अर्ज, टाकू का? मैत्रिणी म्हणतात दोन-तीन मार्क वाढतातच.

उत्तर : अगो बाय, आधी तुझ्या मार्कशीटवर नीट हिशोब करूया, कारण तू तो केलेला दिसत नाहीयेस आणि बाबांनी तर नाहीच नाही.

इंटरला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या ३०० पैकी १५० लागतात, हे तुला माहितीच आहे. दोन्ही ग्रुप एकत्र दिले की सहाही पेपरांत चाळीस असतील आणि ६०० पैकी ३०० झाले तरी दोन्ही सुटतात, एका ग्रुपची कमी दुसऱ्या ग्रुपने भरून निघते. तुझे झाले २९८. म्हणजे खरं तर तुझं दोन मार्कांनी गेलंय, हे वाचून अजून वाईट वाटेल पण लपवून काय करू. आता दुसरी बाजू बघ. अकाउंट्सला साठच्या वर आहेत म्हणून त्या पेपराची एक्झम्प्शन मिळाली, पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर द्यायचा नाही आणि ते ६२ मात्र ग्रुपच्या बेरजेत धरले जातात. मग १५० तून ६२ गेले, उरले ८८. लॉ आणि टॅक्स मिळून २०० पैकी ८८ काढायचेत, दोन्हीत चाळीसच्या वर राहून. आता दोन्हीचे मिळून किती होते? ८५. एवढंच काम शिल्लक आहे, आणि यासाठी कुणी सीए सोडून नोकरी बघत असेल तर मी काय बोलू.

म्हणून माझं मत सरळ आहे, सप्टेंबरलाच बस. एक तर दोनच पेपर आहेत, आणि मे ला वाचलेलं अजून डोक्यात आहे, जानेवारीपर्यंत त्यातलं निम्मं उडून जाईल आणि परत पहिल्या पानापासून सुरुवात. दुसरं म्हणजे आता इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर, त्यामुळे तीन परीक्षांची एक्झम्प्शन म्हणजे जेमतेम एक वर्ष, आणि तू बसली नाहीस तरी ती परीक्षा मोजली जाते. पूर्वी दोनदा व्हायची तेव्हा दीड वर्ष मिळायचं, सिनियर मुली 'अगं भरपूर वेळ असतो' म्हणतात ते त्या हिशोबाने. तिसरं, नव्या स्कीममध्ये दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) चालू होत नाही, तीही दोन वर्षांची आहे, म्हणजे इथे घालवलेले चार महिने थेट तिकडे मागे पडतात. बाबांना हे कागदावर लिहून दाखव, ते आकडे बघून ऐकतील, रडणं बघून नाही.

वेरिफिकेशन टाक, पेपरला शंभर रुपये फी आहे, निकालापासून महिन्याच्या आत टाकायचं. पण त्यात फक्त बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात, 'मला या उत्तराला तीनऐवजी चार द्यायला हवे होते' असं कुणी बघत नाही. 'वाढतातच' म्हणणाऱ्या मैत्रिणींना विचार की कुणाचे वाढले, नाव सांगा. अर्ज टाकायचा आणि विसरून जायचं, त्याच्या निकालाची वाट बघत सप्टेंबरचा फॉर्म राहिला तर हातातलं पण गेलं, कारण फॉर्मची मुदत निकालाच्या आगेमागेच असते. फॉर्म आजच भर.

मी त्यापेक्षा लॉ आणि टॅक्सच्या उत्तरपत्रिकांच्या कॉपी मागवायला सांगेन, एकेकीला ५०० रुपये पडतात, पण हजार रुपयांत असा क्लास कुठे मिळत नाही. कॉपी आली की आयसीएआयच्या (सीएची परीक्षा घेणारी संस्था) साईटवरची त्याच परीक्षेची सजेस्टेड आन्सर्स शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघ. लॉ मध्ये बहुतेकांचं काय होतं सांगू का, केस दिलेली असते आणि मुलं तरतूद पानभर लिहितात, सेक्शन नंबर आठवला नाही म्हणून घाबरतात (नंबर नाही आठवला तर नका लिहू, चुकीचा लिहिण्यापेक्षा बरं), आणि शेवटी त्या केसमधल्या कंपनीने केलं ते बरोबर की चूक हे एका वाक्यात सांगायचंच विसरतात. तरतूद, मग या केसला ती कशी लागू होते, मग निष्कर्ष. तुझ्या ४४ मध्ये असे निष्कर्ष किती राहिलेत ते मोज.

टॅक्सला इन्कमटॅक्स ५० आणि जीएसटी ५०. जीएसटी मार्क देणारा विषय आहे आणि तू तर काजूच्या मुलखातली. काजू बी शेतकऱ्याकडून फॅक्टरीवाल्याने घेतली, तो रजिस्टर्ड आहे, तर टॅक्स कोण भरणार? शेतकरी नाही, फॅक्टरीवाला, रिव्हर्स चार्जमध्ये. आणि हे सोललेल्या काजूगराला नाही, बी ला आहे. असं आपल्या आजूबाजूचं घेऊन वाच, पाठ करावं लागत नाही. इन्कमटॅक्सच्या गणितात एखादी रक्कम धरायची नसली तरी सोडून देऊ नकोस, 'आंब्याच्या बागेचं शेती उत्पन्न, करमुक्त' असं लिहून शून्य दाखव, त्या कारणाला मार्क असतो. एक सावधगिरी मात्र, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, १९६१ चा गेला, कलमांचे नंबर बदललेत, असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. तुझ्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कुठपर्यंतच्या दुरुस्त्या धरल्यात ते आयसीएआयच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या सूचनेत बघ आणि मगच व्हिडिओ लाव, नाहीतर यूट्यूबवर दोन्ही कायदे एकत्र नांदतायत.

आणि प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू, निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही गोल मोकळा सोडायचा नाही. बहुतेक दोन-दोन मार्कांचे असतात, तुझे तीन मार्क म्हणजे साधारण दोन प्रश्न. आरटीपी (आयसीएआयचे सरावाचे रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि दोन्ही मॉक टेस्ट घड्याळ लावून दुपारी २ ते ५ मध्येच सोडव, जेवून डोळ्यावर झापड येते त्याच वेळेला पेपर असतो.

गणपतीचं म्हणशील तर गणपतीला घरातून पळून जा असं मी सांगणार नाही, आपल्याकडे ते शक्यही नाही आणि आई बोलेल ते वेगळंच. पण मखर भावाकडे, मोदकांचं काकी आणि आत्यांकडे, तू सकाळ-संध्याकाळ आरतीला उभी राहा आणि फुगड्या नि रात्रीची भजनं या वर्षी सोड. चाकरमानी यायच्या आधीच माळ्यावर किंवा शेजारच्या काकूंकडे एक टेबल बघून ठेव, पाहुणे भरले की बसायला कोपरा मिळत नाही. वीज जाते तर पीडीएफ आधीच डाऊनलोड करून दोन-चार मॉक प्रिंट काढून ठेव. आणि पावसात फोंडा घाट किंवा करूळ घाटावर भरवसा ठेवून पेपरच्या दिवशी पहाटे निघू नकोस, दोन दिवस आधी मावशीकडे जा.

प्रश्न : माझा मुलगा इंटरला थोडक्यात राहिला, तेव्हापासून खोलीचं दार लावून बसतो, जेवायलाही बोलावावं लागतं. मी काय बोलू? – एक आई, गुहागर

उत्तर : वहिनी, परीक्षेवर आठवडाभर काहीच बोलू नका. 'शेजारचा झाला बघ' हे तर अजिबात नको. कामाला पाठवा, बाजारात पाठवा, माडाच्या आळ्यात गवत वाढलं असेल ते काढायला सांगा, घराबाहेर पडला की बोलायला लागेल. बोलला तर ऐका, उपाय सांगायची घाई नको. झोप आणि जेवण दोन आठवडे असंच बिघडलेलं राहिलं किंवा जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलला तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. त्यात लाज कसली.

प्रश्न : इंटरच्या दोन अटेम्प्टच्या मध्ये टॅलीचा कोर्स करू का? – मालवण

उत्तर : पेपरला त्याचा उपयोग शून्य. आर्टिकलशिपला होईल, पण ते तिथे बसून महिन्याभरात येतंच. मधल्या वेळात कॉस्टिंगची गणितं कर.