नवा फोन मोठा, मग सातबारा फिसकटलेला का?

प्रश्न : माझं वय चौसष्ट. देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. २०१७ साली घेतलेला रेडमी नोट ४ आजवर वापरला. यंदा गणपतीला मुलगा मुंबईहून आला तो नवा फोन घेऊनच, आठ-नऊ हजारांतला. खोक्यावर छापलंय : ६.७४ इंच एचडी प्लस, हेलिओ जी८५, ५० मेगापिक्सेल, ८ जीबी रॅम, ५००० एमएएच. जुना साडेपाच इंची, कॅमेरा १३ मेगापिक्सेलचा. आकडे बघितले तर नवा सगळ्यात सरस. पण सातबाऱ्याची पीडीएफ उघडली की नव्यावर अक्षरं फिसकटलेली दिसतात आणि जुन्यावर स्वच्छ. दुकानदार म्हणतो, "काका, फोन ठीक आहे, चष्म्याचा नंबर तपासा." मुलाला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. गुपचूप जुना परत काढू का?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : काका, चष्मा तपासून घ्या, त्या वयात घ्यावाच. पण इथे दोष डोळ्यांचा नाही, आणि फोनही खराब निघालेला नाही.

दोन्ही फोन एकावर एक ठेवा. नव्याचा पडदा रुंदीला जुन्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त भरेल. वाढली आहे ती उंची, जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे लांबट पडद्याचा आकडा फुगतो. आता ठिपके, म्हणजे पिक्सेल, बघा. जुन्या फोनच्या पडद्यावर रुंदीत १०८० ठिपके होते, नव्यावर ७२० आहेत. म्हणजे जवळपास तेवढ्याच रुंदीत एक तृतीयांश ठिपके कमी. इंचाला ४०० होते, ते २६० वर आले. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही. सातबाऱ्यातली 'हे.आर.चौ.मी.'ची बारकी ओळ, खाते क्रमांक, पोटखराबा, फेरफाराचे आकडे, तिथे मात्र लगेच कळतं. त्यात आपली लिपी देवनागरी. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं थोडक्या ठिपक्यांत बसवायची म्हणजे ती एकमेकांत घुसणारच.

'एचडी प्लस'मधला प्लस बघून गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी जास्तीचं मिळालं. ते फुल एचडीच्या खालचं आहे. आमच्या कणकवलीच्या दुकानात रोज कोणी ना कोणी खोक्यावरचा मोठा आकडा वाचून फोन मागतो आणि हा बारीक शब्द वाचत नाही. बडा घर, पोकळ वासा.

मुलाला बोल लावू नका. तुमचा नोट ४ आला तेव्हा दहा ते तेरा हजारांच्या दरम्यान होता, तोही २०१७ च्या रुपयांत. आजचे आठ-नऊ हजार म्हणजे एक पायरी खालचा फोन. तुलना बरोबरीची नाहीच. माझ्याशी बोलून घेतला असता तर मी आणखी चार हजार घालून फुल एचडीवाला घ्यायला लावला असता, कारण तुमचं काम वाचण्याचं आहे. पण घेतलाय तर वापरायचा कसा, ते सांगतो.

पीडीएफ बघताना फोन आडवा करा. मग पानाच्या रुंदीला ७२० ऐवजी १६०० ठिपके मिळतात आणि सातबारा वाचता येतो. पडद्यावर वरून खाली बोट ओढल्यावर दिसणारं 'ऑटो-रोटेट' बंद असेल तर तेवढं चालू करून घ्या.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर ५० मेगापिक्सेल हा आकडा खरा आहे, पण रोजचा फोटो त्या मापाचा निघत नाही. असे कॅमेरे चार शेजारचे ठिपके मिळून एक करतात, म्हणजे हाती येतात साडेबारा. तुमचा जुना तेरा होता! फायदा एवढाच की ढगाळ दिवशी किंवा सांजवेळी नव्याचा फोटो उजळ येतो. मोहोरावरचे तुडतुडे किंवा पानावरचा करपा कृषी सहाय्यकांना दाखवायचा असेल, तर भर उन्हात मेनूतला '५० एमपी' पर्याय लावून काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि तुडतुडे गायब होतात. मागे आणखी एक-दोन गोल भिंगं दिसत असतील, ती बहुतेक शोभेची. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आठ जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची जागा, तीही नीट वाचा. बहुधा चार खरी आणि चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली असेल. सेटिंगमध्ये ती उसनी रॅम बंद करता येते. बंद करून आठवडाभर बघा. फोन जास्त अडखळला नाही तर तशीच राहू द्या.

आता नव्याची बाजू. त्याचा प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, तो हेलिओ जी८५; त्यातले दोन कोअर (काम करणारे भाग) तुमच्या जुन्या स्नॅपड्रॅगन ६२५ मधल्या कुठल्याही कोअरपेक्षा तगडे आहेत, त्यामुळे अ‍ॅप लवकर उघडतात. बॅटरी ४१०० एमएएचची ५००० झाली, आणि जुनीतली ताकद इतक्या वर्षांत बरीच गेली असणार. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा काय भरवसा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हाचे दिवस देवगडच्या माणसाला मी सांगायला नकोत. चार्जरवरचं बारीक अक्षर मात्र वाचा. '५ व्होल्ट २ अँपिअर' असेल तर तो दहा वॅटचा, आणि त्याने ही बॅटरी भरायला बराच वेळ जातो. फोन अठरा वॅट घेत असेल तर तसा चांगला चार्जर वेगळा आणा.

नवा वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण बँकेचं. नोट ४ अँड्रॉइड ७ वर थांबला. त्या अँड्रॉइडला गुगलने सुरक्षेची डागडुजी करणं २०१९ मध्येच सोडलं. पेटीचे पैसे यूपीआयने येत असतील तर ते अ‍ॅप जुन्या फोनवर ठेवू नका. बँक आणि ओटीपीचं सिम नव्यात. जुना घरात वाय-फायवर सातबारा वाचायला, बातम्या बघायला ठेवा. लपवायचं कशाला? मात्र जुन्याची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचलला गेला तर चार्जिंगला लावू नका, आधी बॅटरी बदला.

आणि एक, तुम्ही न विचारलेलं. जुन्याची चार्जिंग पिन मायक्रो यूएसबी, तिला पाच टाके, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या. नव्याची टाइप-सी, तिच्या तोंडात चोवीसपर्यंत, एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर. आमच्याकडे किनाऱ्यावरचे फोन येतात तेव्हा भिंगाखाली या टाक्यांवर हिरवट साका दिसतो. खारी दमट हवा आत बसते, वर चार्जर लावला की वीज खेळते आणि तांबं खायला सुरुवात होते.  तेव्हा बागेतून किंवा बंदरावरून भिजून आलात तर फोन पुसून, पंख्याखाली तास-दोन तास ठेवून मगच चार्जिंगला. तोंडाला रबरी बूच मिळतं, पावसाळ्यात तेही लावा. टाचणी आत घालू नका.

प्रश्न : माझ्या सात-आठ वर्षांच्या फोनमध्ये बीएसएनएलचं ४जी येत नाही, शेजाऱ्याच्या नव्या फोनमध्ये येतं. टॉवर एकच. सेटिंग काय बदलू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : कदाचित सेटिंगने होणार नाही. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. त्यातलं ७०० डोंगराआडही लांब पोहोचतं, म्हणून आपल्या वाड्यांना सोयीचं. पण २०१६ च्या मोबाइल लहरींच्या सरकारी लिलावात हे ७०० कोणीच घेतलं नव्हतं, त्यामुळे त्या काळच्या स्वस्त फोनांत बँड २८ (फोनच्या माहितीत ७०० चं हेच नाव) क्वचितच असायचा. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलच्या माहितीत 'बी२८' आहे का बघा. त्याआधी तुमचं सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून बघा. तिथेही ४जी दिसलं नाही तर सिम बहुधा जुनं ३जीचं आहे, आधार घेऊन बीएसएनएलच्या ऑफिसात बदलून मिळेल. दिसलं तर अडचण फोनची.