खिळे जुळवणाऱ्याला काय म्हणावं?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका तिकीटसंग्राहक स्नेह्यांनी विचारलं आहे : "छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कामगारांच्या सन्मानार्थ निघालेलं तिकीट वहीत लावतो आहे. खाली ‘कुशल टंकजुळणी कामगार स्मारक तिकीट’ असं लिहिलं, पण कानाला खटकतं. काय लिहू?"

खटकतं ते आधी ‘टंक’मुळे. टंक म्हटलं की आपल्याला टंकलेखन आठवतं, टाइपरायटरची खडखड ऐकू येते. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षराला आपला शब्द ‘खिळा’. आणि खिळे ‘जुळवतात’. देवनागरीला हे क्रियापद फार नेमकं बसतं. ‘डिग्री’ पद्धतीत मात्रा, अनुस्वार, उकार यांचे खिळे वेगळे असत. वरचे, मधले, खालचे तुकडे जुळले की मग कुठे एखादा ‘कें’ किंवा ‘कु’ उभा राही. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलं असे, पण मग खिळ्यांचे प्रकार वाढत, ते ठेवायच्या पेटीतले खण वाढत. दोन्हीकडे हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे खिळे ओळीत लावायच्या छोट्या पट्टीत, ओळ भरायची ती उलटी अक्षरं वाचत.

जुळवणारा तो जुळारी. पिंजणारा पिंजारी, रंगवणारा रंगारी, तशीच ही घडण. रंगारी हे आडनाव तर आपल्या विदर्भात किती घरांत आहे! म्हणून ‘जुळारी’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही परका वाटत नाही.

बोलताना मात्र ‘कंपोझिटर’च चाले. माझे काका नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात होते. घरी आम्ही ‘काका कंपोजिंगला आहेत’ असंच सांगायचो. तो शब्द चूक नाहीच. तरी मी जुळारीच्या बाजूचा आहे. कोणतंही नवं मराठी पुस्तक उघडा, श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ दिसेल. खिळे गेले, काम संगणकावर आलं, तरी शब्द टिकला. कामाचा शब्द ठेवला, तर ते करणाऱ्या माणसाचा का सोडायचा? मात्र ‘अक्षर’ सोबत ठेवा. नुसत्या ‘जुळारी’चा संदर्भ आज पटकन लागत नाही.

‘कुशल’ हा किमान वेतनाच्या तक्त्यातला शब्द : अकुशल, अर्धकुशल, कुशल. सन्मान करताना ‘कसबी’ म्हणावं. काकांचे डोळे हस्तलिखितावर असायचे आणि हात न पाहता नेमक्या खणात जायचा, त्याला कसब म्हणतात.

‘स्मारक तिकीट’ हा प्रयोग बरोबर आहे. भारतात अशी तिकिटं १९३१ पासून, नवी दिल्लीच्या उद्घाटनापासून निघू लागली. पण ‘कामगार स्मारक’ असं लागोपाठ आलं की दिवंगतांचं स्मारक डोळ्यांपुढे येतं. तेव्हा वहीत लिहा : ‘कसबी अक्षरजुळाऱ्यांच्या सन्मानार्थ विशेष टपाल तिकीट’.

आणि त्यातला ‘ऱ्या’ जपून काढा, ‘र्या’ होऊ देऊ नका. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक होतो, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. हा फरक छापील मराठीत राखायला जुळाऱ्याला त्या ‘ऱ’साठी वेगळा खिळा उचलावा लागे.