कर्लिंग शिकणाऱ्या नव्या मंडळींसाठी

हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावर जीव तोडून झाडू मारणारी माणसं बघून हसू येतंच, खुशाल हसा. पण बर्फावरून दगड सरकवत लक्ष्याच्या वर्तुळात नेण्याचा हा खेळ मुंबईकराला लवकर कळायला हवा, कारण कॅरम अंगात मुरलेला असतो: कोन, कट आणि हलका हात.

दगड ग्रॅनाइटचा, जवळपास २० किलोचा. तो हाताने ढकलू नका, सगळा जोर पायाचा. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजवा पाय मागच्या रबरी आधारावर रोवायचा आणि डाव्या बुटाच्या घसरत्या तळावर पुढे सरकायचं. घरी सराव करायचा तर कोरडी लादी, डाव्या पायात मोजा, उजव्यात रबरी तळाचा बूट. डावं पाऊल छातीखालीच हवं. बाजूला गेलं की तोल गेलाच. सोडताना दगडाची मूठ हलकी फिरवा. घड्याळाच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे वळतो, न फिरवलेला मात्र कुठेही भरकटतो.

आता झाडू, या खेळातला खरा मजेशीर भाग. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीतपणा आणलेला असतो. घासल्यावर वरचा थर किंचित तापतो, घर्षण घटतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणून दगड जरा कमी जोराने सुटला तरी चालतो. फार जोरात सुटला तर झाडूने तो थांबत नाही.

एका डावात गुण एकाच संघाला. शेवटचा दगड तुमचा असेल आणि एकच गुण मिळणार असेल, तर बहुतेक वेळा डाव कोरा सोडा, म्हणजे कोणालाच गुण मिळू देऊ नका. पुढच्या डावातही शेवटचा दगड तुमच्याकडेच राहतो.