ट्यूमरच्या ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मुलीचं बोलणं पूर्ण बंद झालं. ती पुन्हा बोलेल का? तोवर आम्ही काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांच्या मुलीच्या लहान मेंदूतला मेड्युलोब्लास्टोमा (मुलांत होणारी कर्करोगाची गाठ) काढला, शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि दुसऱ्या दिवसापासून शब्द नाही, नुसतं रडणं. आधी बोलणं आणि मग एक-दोन दिवसांत, कधी आठवडाभरात, आवाज बंद होणं हे सेरेबेलर म्युटिझमचं, म्हणजे लहान मेंदूच्या इजेमुळे बोलणं बंद होण्याचं, नेहमीचं रूप आहे. रिपोर्टवर ‘पोस्टेरियर फोसा सिंड्रोम’ असंही लिहिलेलं असतं. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं.

तिची जीभ किंवा स्वरयंत्र लुळं पडलेलं नाही. लहान मेंदूत दोन्ही बाजूंना डेंटेट न्यूक्लियस हा चेतापेशींचा पुंजका असतो. त्यातून निघालेले तंतू थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागातून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जातात, आणि मधोमध वाढलेली गाठ नेमकी या वाटेला खेटून असते. दोन्हीकडचे तंतू दुखावले की पुढच्या भागाचं काम मंदावतं. म्हणून बोलणं बंद होण्यासोबत अंग ढिलं पडणं, तोल जाणं, गिळायला त्रास, डोळे मिटून पडून राहणं आणि कशानेही न थांबणारं रडणं हे सगळं एकत्र येतं. तो हट्टही नाही आणि धसकाही नाही. तिला बोलणं बरंचसं समजत असतं, तेव्हा उशाशी उभं राहून तिच्याबद्दल काय बोलता ते जपा.

बहुतेक मुलं पुन्हा बोलतात. काहींना थोडे दिवस लागतात, काहींना महिने. आधी कण्हण्यात किंवा हसण्यात आवाज येतो, मग कुजबुज, मग एकेक शब्द. पहिला शब्द आला म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं मात्र धरू नका. त्यानंतरचं बोलणं संथ, अडखळत, अक्षरं तोडल्यासारखं असतं. ते, तोल आणि विचारांचा वेग यांवर वर्षानुवर्षं काम करावं लागू शकतं. ब्रोमोक्रिप्टिन, झोल्पिडेम अशी औषधं काही मुलांना दिली गेली आहेत, पण हमखास ठरलेलं औषध नाही.

आत्ता सर्वांत उपयोगी काम म्हणजे हो-नाही सांगायची एक खात्रीची खूण शोधणं. ‘मान हलव’ म्हटलं तर बहुधा जमणार नाही, कारण सांगितल्यावर हालचाल सुरू करणं हीच तिची अडचण आहे. बोट दाखवायला लावलंत तर हात थरथरून भलतीकडे जाईल. त्यापेक्षा दोन मोठी चित्रं घ्या, पाणी आणि पांघरूण, एकमेकांपासून हातभर लांब धरा आणि ती कुठे बघते ते पाहा. विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजा. सगळे इथेच चुकतात: तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारतात आणि तिची जुळवाजुळव मोडते. चित्रांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा विचारा. ती फक्त डावीकडेच बघत असेल तर ते उत्तर नव्हे, तिची नजर तिकडे सहज वळते इतकंच. डोळ्यांच्या हालचालीही बिघडल्या असतील तर स्पीच थेरपिस्टला दुसरी खूण शोधायला सांगा. ‘आई म्हण ना’ हे घरातल्या सगळ्यांनी बंद करा. खोलीत उजेड मंद, टीव्ही बंद आणि एका वेळी एकच माणूस बोलणारं, एवढ्यानेही रडणं बरंच कमी होऊ शकतं.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका, चमचाभर पाणीसुद्धा नाही. खाताना ठसका लागणं, आवाज ओलसर घरघरता येणं किंवा काहीच न होता नंतर ताप येणं, या तिन्हींचा अर्थ अन्न फुप्फुसात जातंय असा असू शकतो. अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली नळी बघवत नाही, पण ती घाईने काढायला लावू नका.

आणि सगळंच म्युटिझमच्या खात्यावर टाकू नका. गुंगी वाढत जाणं, उलट्या, ताप, मान ताठणं, जखमेपाशी फुगवटा किंवा पाणी झिरपणं, झटका: यातलं काहीही दिसलं तर तेव्हाच डॉक्टरांना बोलवा. मेंदूत पाणी साठणं, रक्तस्राव, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) यांनीही मूल गप्प होतं, आणि त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात.

बोलणं परत येईपर्यंत रेडिएशन थांबवावं का, हेही तुम्ही विचारलंय. माझं मत: फक्त त्या कारणासाठी नाही. ते साधारणपणे ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात आणि उशीर ट्यूमरच्या दृष्टीने महाग पडतो. पुढे सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध द्यायचं असेल तर त्याआधी कानांची तपासणी मात्र मागून घ्या. ते औषध ऐकू येणं कमी करू शकतं, आणि ऐकू येत नाही हे तिला सांगता येणार नाही. बेरा या, आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, ती झोपेतही होते.