पुन्हा त्याच दारी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संस्थेच्या अहवालातील लाभार्थ्यांचा आकडा पाहून तुझे अध्यक्ष खूश झाले आणि तुला मात्र त्यांपैकी दहा जणींचीही नावे आठवेनात. एवढ्यावरून आपल्या संस्थांच्या कामाने देशाचे भले होते की नुसते कागद वाढतात, असा प्रश्न तुला पडला. प्रश्न योग्य आहे, पण त्यापायी काम सोडण्याचा विचार मला मुळीच पटलेला नाही. नावे आठवत नाहीत, कारण तू त्यांच्याकडे पुन्हा गेलेली नाहीस. पुन्हा जा.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींवर बंदी आली, तेव्हा मी डिचोली तालुक्यातील एका महिला मंडळाची चिटणीस होते. बंदी योग्यच होती, असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. परंतु खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांत त्या दिवसांत काय चालले होते, ते कोणत्याही कागदात दिसणारे नव्हते. आम्ही शिवणयंत्रे वाटली. एका अंगणात ट्रक उभा होता, चाकांभोवती गवत वाढले होते, आणि यंत्र ताब्यात घेताना त्या घरातील बाईने मला हळूच सांगितले की नवरा रात्र-रात्र ओटीवर बसून असतो, कोणाशी बोलत नाही. ‘पुढच्या आठवड्यात येते,’ असे मी म्हटले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी वाटपाचा कार्यक्रम निघाला. मी गेले ती आठ महिन्यांनी. यंत्रावरचे प्लास्टिक तसेच होते आणि भर दुपारी नवरा पिऊन पडलेला होता. तिने खुर्ची दिली, पाणी आणले. ‘बाई, उशीर केलात,’ असेही ती म्हणाली नाही.

त्यानंतर मी दर गुरुवारी त्या घरी जात राहिले. पहिले तीन महिने तो माणूस मला पाहताच उठून आत जाई. चौथ्या महिन्यात तो उठला नाही.

यावर तू म्हणशील की ही एका घराची गोष्ट झाली, देशाचे काय? जागतिक आनंद अहवालात देशादेशांतील सुखाचा फरक तपासताना उत्पन्न आणि आयुर्मान यांच्या जोडीने, अडचणीच्या वेळी भिस्त ठेवावी असे आपले कोणी आहे का, हेही पाहतात. ते ‘कोणी’ तयार करणे सरकारी योजनेला जमत नाही. ते आपले काम आहे. आणि पुन्हा जाण्याचा उपयोग होतो का, हे तर गोव्यातच तपासून झालेले आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाशी त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्याच्या घरी जाऊन सहा ते आठ वेळा बोलायचे, अशी ती पद्धत होती. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा याने अधिक गुण आला, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यातला सहा ते आठ हा आकडा लक्षात ठेव. एकदा नव्हे.

पैशांचे म्हणशील, तर अडचण खरी आहे. देणगीदाराला दर वर्षी नवे गाव दाखवायचे असते, आणि परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा तर २०२० मध्ये पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आम्हालाही एका मोठ्या देणगीदाराने दर वर्षी नवे गाव घेण्याची अट घातली होती. मी ती रक्कम नाकारली. दोन पगारी कार्यकर्त्या त्यामुळे गेल्या, आणि मी हेकटपणाने मंडळ बुडवले, असे जुन्या मैत्रिणी अजून म्हणतात. त्या दोघींचे मला आजही वाईट वाटते. निर्णयाचे वाटत नाही. मंडळ वाचवण्यासाठी जुन्या घरांना पाठ दाखवायची असेल, तर ते मंडळ कशासाठी वाचवायचे होते? खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध एकदा बांधून भागत नाही; गावकारीने, म्हणजे गावाच्या सामायिक व्यवस्थेने, तो वर्षानुवर्षे राखला, म्हणून खारे पाणी शेतात शिरले नाही. हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांनाच मी मंडळाच्या बैठकीत ते समजावून सांगत होते, आणि ते घड्याळाकडे पाहत होते.

तेव्हा राजीनाम्याचा कागद बाजूला ठेव. जुन्या नोंदवहीतून त्या लाभार्थी बायकांपैकी एकीचा पत्ता काढ आणि या शनिवारी तिच्या घरी जा. जाताना नोंदवही नेऊ नकोस, फोटो काढू नकोस. ती बोलली नाही तरी अर्धा तास बसून ये, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा. मग मला पत्र लिही.

तुझी,
बाई