फॉक्सप्रोतला हिशेब विंडोज ११ वर न्यायचाय? आधी जुनं मशीन कोणाच्या हाती देऊ नका

तुमची अडचण वाचली. आडतीचं दुकान, कोणे एके काळी कोणीतरी लिहून दिलेला डॉस-फॉक्सप्रोचा (फॉक्सप्रो म्हणजे मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) प्रोग्राम, विंडोज एक्सपीचा जुना डबा मधेच बंद पडतोय आणि विंडोज ११ च्या लॅपटॉपवर त्याची ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) उघडतच नाही. आमच्या गाळ्यावर अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांब लिहितो. मी दिवाणजी आहे, इंजिनिअर नाही. काहीही करून बघाल ते कॉपीवर, मूळ डेटावर नाही.

विंडोजमधल्या कंपॅटिबिलिटी मोडच्या (जुने प्रोग्राम चालवायच्या सोयीच्या) नादाला लागू नका. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच नसतो. फॉक्सप्रोसाठी मायक्रोसॉफ्टचा दरवाजाही ठोठावू नका, पुढची आवृत्ती काढणार नाही हे त्यांनी २००७ मध्येच सांगून टाकलं आणि २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. आता जे आहे ते हौशी लोकांनी जिवंत ठेवलेलं.

पण त्याच्याही आधी डिस्कचं. ‘नवीन सॉफ्टवेअर घ्या, जुना डेटा आम्ही आणून देतो’ असं म्हणणारी माणसं तुमच्याकडे येणार. आमच्याकडे अशीच एक एजन्सी आली. मशीन घेऊन गेली, डीबीएफ फायली (फॉक्सप्रोचे डेटाचे तक्ते) तेवढ्या उचलल्या आणि डिस्क फॉरमॅट करून त्यावर नवीन विंडोज टाकून परत दिली. खातेदार उघडायला गेलो तर मेमो फाइल सापडत नाही म्हणून एरर. फॉक्सप्रोत ‘शेरा’ हा मेमो, म्हणजे लांब मजकुराचा रकाना, असेल तर डीबीएफमध्ये त्या जागी नुसता दहा अक्षरी ब्लॉक नंबर असतो, खरा मजकूर शेजारच्या एफपीटी फाइलीत. ती त्यांनी घेतलीच नव्हती. ‘आम्हाला तो फॉरमॅट लागत नाही,’ हे त्यांचं उत्तर. शेवटी मीच हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट बदलायचं साधन) डीबीएफचा पहिला बाइट एफ५ (मेमो आहे) चा ०३ (मेमो नाही) केला, मेमोचं फील्ड साध्या अक्षरांचं केलं, टेबल उघडलं. नावं आली, बाक्या आल्या. शेऱ्याच्या जागी नुसते आकडे.

आणि त्या शेऱ्यात काय होतं? कोणाला किती उचल दिली, जामीन कोण, ती कुठल्या मालाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या बिलातून) कापायची, कोणाला ‘यंदा राहू द्या’ म्हटलंय. हे कागदावर कुठेच नसतं. मग प्रत्येक पट्टीला वाद. शेतकरी म्हणतो फिटली, शेठ म्हणतात बाकी. एजन्सीचं बिल मात्र वेळेवर आलं.

म्हणून डिस्क काढा, यूएसबीच्या अडॅप्टरला लावा आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवायच्या प्रोग्रामने अख्खी उतरवून घ्या. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांशी नंतर झटतं. नुसतं फोल्डर कॉपी करून भागेलच असं नाही. फॉक्सप्रोच्या छोट्या ईएक्सईला ईएसएल किंवा ईएसओ अशी रनटाइम (प्रोग्राम चालवायला लागणारी) फाइल लागते आणि ती बऱ्याचदा भलत्याच फोल्डरात पडलेली असते.

चालवायला काय? साधा डॉसबॉक्स (विंडोजमध्येच डॉसची नक्कल करणारा एम्युलेटर) गेमवाल्यांसाठी आहे, त्यात प्रिंटिंग नाही, हिशेबाला वापरू नका. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स हे त्याच जातीचे एम्युलेटर घ्या. माझं मत व्हीडॉसकडे झुकतं, कारण ते अशा अक्षरी धंदेवाईक प्रोग्रामांसाठीच लिहिलंय आणि विंडोजच्या प्रिंटरवर सरळ छापतं. दोन मशीनवरून एकच डेटा उघडणार असाल तर लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलू नये ही सोय) नीट चालतंय का ते आधी तपासा. फ्रीडॉस ही फुकटची डॉसही उत्तम. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प अजून चालू आहे, पण त्याला जुन्या पद्धतीचा बायोस (मशीन सुरू करणारा भाग) लागतो, तुमच्या लॅपटॉपवर तो थेट बूट होईल असं धरून चालू नका.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फेकू नका. तीन प्रतींची पट्टी लेझरवर निघत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टचं (प्रिंटरच्या जुन्या जोडणीचं) आउटपुट फाइलीत घ्या आणि ती फाइल शेअर केलेल्या प्रिंटरला विंडोजच्या ‘कॉपी /बी’ या कमांडने पाठवा. ‘/बी’ विसरलात तर मजकुरात २६ नंबरचं अक्षर आलं की छपाई तिथेच थांबते. अक्षर बारीक करणारा १५ नंबरचा कोड तसाच पोचला तर दहा इंची कागदावर एका ओळीत १३७ अक्षरं बसतात. न पोचल्यास हमाली-तोलाईचे आकडे खालच्या ओळीत उतरतात.

नावं मराठीत असतील तर वेगळी भानगड. त्या काळी बऱ्याच ठिकाणी सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड (स्क्रीनवर देवनागरी दाखवणारं) असायचं. त्याला लागणारा आयएसए स्लॉट (कार्ड बसवायची जुन्या मशीनमधली खाच) आता मिळत नाही आणि कार्डाशिवाय स्क्रीनवर खिचडी दिसते. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. तो इस्कीच्या (भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेताच्या) वळणाचा असतो आणि युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतलेली आहे. फक्त डॉसवर चौकटी आखायच्या चिन्हांसाठी जागा सोडून अक्षरं सरकवलेली असतात, त्यामुळे तयार इस्की कन्व्हर्टरने निम्मी नावं चुकतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कॉलेजचा पोरगा गाठा, अक्षरांचा तक्ता करून द्या.

एक बघून सांगा: फोल्डरमध्ये मेमोची फाइल एफपीटी आहे की डीबीटी? डीबीटी असेल तर तुमचा प्रोग्राम फॉक्सप्रो नसून क्लिपरचा (त्याच जातीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा) असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पीआरजी फायली (प्रोग्रामचा मूळ मजकूर) शोधा. त्या सापडल्या तर हार्बर नावाच्या फुकट कंपायलरवर तोच प्रोग्राम विंडोजसाठी नव्याने बांधता येतो. मग वरचं एम्युलेटरचं पुराण तुम्हाला लागणारच नाही.