रोपं ट्रेमधून बाहेर कधी काढावीत?

प्रश्न : गच्चीवरच्या बागेसाठी टोमॅटो, वांगं आणि मिरचीचं बी एकाच दिवशी ट्रेमध्ये टाकून ट्रे खिडकीत ठेवला. 22 दिवस झाले. टोमॅटो उंच झालाय पण माना टाकतोय, मिरचीला जेमतेम दोन पानं आहेत. सगळी रोपं एकदम कुंड्यांत लावली तर चालेल का?

उत्तर : एकदम नको. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुग्यात, टोमॅटो साधारण 22 ते 25 दिवसांत तयार होतो, वांग्याला 30 ते 35 आणि मिरचीला 35 ते 40 दिवस लागतात. थंडीत आठवडाभर जास्तच धरा.

तरी दिवस हा अंदाज झाला. खरी परीक्षा मुळांची. ट्रेचा कप्पा खालून दाबून एक रोप काढून पाहा. कोकोपीट न सुटता अख्खं निघालं आणि बाहेरून पांढरी मुळं दिसली, तर रोप तयार आहे. भुगा गळून पडला तर चार-पाच दिवस थांबा. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल फिरली असतील तर उशीर झालाय. असं रोप लावल्यावर बसून राहतं, वाढायच्या आधीच फुलावर येतं. वर चार-पाच खरी पानं हवीत. उगवताना आलेली पहिली दोन त्यात मोजू नका.

तुमचा टोमॅटो उंच झालाय तो उजेड कमी पडल्यामुळे. त्याला सरळ उन्हात ठेवाल तर पानं कागदासारखी पांढरी पडतील. आधी सात-आठ दिवस रोपं कणखर करा : पहिले दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज तासभर वाढवत न्या. शेवटी दोन दिवस ट्रे रात्रीसुद्धा बाहेरच राहू द्या. या काळात खत बंद, पाणी कमी. दुपारी पानं किंचित मलूल झाली तर घाबरू नका, पण कोकोपीट पूर्ण सुकू देऊ नका. एकदा कोरडंठाक झालं की ते पाणी लवकर धरत नाही.

लावणी संध्याकाळीच करा. ट्रे तासभर आधी भिजवा. टोमॅटो पहिल्या पानांपर्यंत खोल गाडला तरी चालतो, दांडीला नवी मुळं फुटतात. मिरची-वांगं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर लावा.

प्रश्न : काकडी, दोडक्याचीही रोपं करावीत का?

उत्तर : बी थेट कुंडीत टोचणं उत्तम. वेलवर्गीयांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत. ट्रेच वापरायचा असेल तर 12 ते 15 दिवसांत, दोन खऱ्या पानांवर असतानाच हलवा.

प्रश्न : मार्चअखेरीस टोमॅटो लावला तर?

उत्तर : झाड वाढेल, फळ धरणार नाही. पारा 35 अंशांच्या वर गेला की फुलं गळतात. उन्हाळी टोमॅटोची रोपं जानेवारीतच बाहेर गेलेली बरी. मार्चअखेरीस बी टाकायचंच असेल तर भेंडी किंवा गवार टाका.